एकोणीस चुली आणि एक नवरंग

कुलूप लावलेल्या दाराला शिव्या देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा माझ्या खांद्याला लसीचा डबा होता आणि पायात चढणीला अजिबात न चालणाऱ्या चपला होत्या. आहुप्याच्या रस्त्यावरच्या एका उपकेंद्रात मी नुकतीच नर्स म्हणून रुजू झाले होते. तिथून तीन किलोमीटर आत ही वाडी. यादीत अकरा मुलं होती. मी धापा टाकत पोचले तर अकराच काय, एकही मूल नाही. मूल नाही, बाई नाही, कोंबडीसुद्धा नाही. एकोणीस घरं आणि एकोणीस बंद दारं. आणि मधल्या आळीत एका दारासमोर उभा राहून एक म्हातारा मोठमोठ्यानं बोलत होता.

"आरं म्हादू, तुला धा येळा सांगितलं, आढ्याची कौलं बघून जा. आता वानरं बसून गेली त्याच्यावर. आता कोन चढायचं वर? मी? माझं वय हाये का?"

दार काही बोललं नाही. म्हाताऱ्यानं कमरेच्या सुतळीला बांधलेल्या जुडग्यातून एक किल्ली चाचपून काढली, कुलूप उघडलं आणि तो आत गेला. थोड्या वेळानं कौलांतून धूर यायला लागला.

मी दारात जाऊन विचारलं, "आजोबा, मुलं कुठं आहेत?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हंजे खाली. कांद्याला. द्राक्षाला. शिमग्याला येतील. तवर तुमची सुई गंजंल." मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांना दया आली असावी. "या, बसा. आज म्हादूचा वार हाये. जेवान तिखट ऱ्हाईल, पन बसा."

हे नाना. सगळी वाडी त्यांना नानाच म्हणायची, मीही तेच म्हणायला लागले.

खरं तर डोंगरातली माणसं मला नवीन नव्हती. मी राजुरीची. लहानपणी थंडी पडली की आमच्या शिवारात ही माणसं यायची. डोक्यावर बोचकी, काखेत पोरं, हातात पाय बांधलेली कोंबडी. बांधाला कुडाची खोपटं पडायची, होळीपर्यंत तिथं तीन दगडांच्या चुली पेटायच्या आणि एक दिवस सकाळी उठून बघावं तर नुसते काळे दगड उरलेले. ती येतात कुठून हे मी आईला विचारलं होतं. "डोंगरातून," आई म्हणाली होती. ती जिथून येतात त्या ठिकाणी मागं काय राहतं, हे मात्र मला कधी सुचलं नव्हतं. नोकरीनं मला दोरीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडलं आणि तिथं नाना भेटले.

भात झोडून झालं, दिवाळी आटपली की वाडी खाली जायची. जायच्या दिवशी घरटी एक माणूस नानांना आपल्या चुलीपाशी घेऊन जायचं, चुलीतली चिमूटभर राख त्यांच्या तळहातावर ठेवायचं आणि किल्ली द्यायचं. बोलायचं काही नाही. नाना ती राख कपाळाला लावायचे. एकोणीस घरांत हे झालं की त्यांचं कपाळ राखाडी होऊन जायचं आणि ते तसेच वाडीच्या टोकापर्यंत सगळ्यांना पोचवायला यायचे. स्वतःच्या मुलाला आणि सुनेलाही.

मग त्यांचं काम सुरू. रोज एका घराची चूल पेटवायची. धूर आढ्यापर्यंत गेला पाहिजे, नाहीतर वाशांना वाळवी लागते, उंदीर घर आपलं समजतात. पूर्वी गरीब मुलं शहरात शिकायला जायची आणि वार लावून जेवायची, रोज एका घरी. नानांनीही तसे वार लावले होते. फक्त वाढायला घरात कुणी नसायचं. खालच्या टोकाच्या घरापासून सुरुवात आणि शेवटी वरच्या अंगाला त्यांचं स्वतःचं घर, की पुन्हा पहिल्यापासून.

इथवर मला समजलं. शहाण्या माणसानं करावं असंच काम होतं. वेडेपणा पुढं होता. नाना ज्या घरात रांधायचे त्या घरच्या बाईसारखं रांधायचे.

म्हादूच्या बायकोचा हात तिखटाला सैल, म्हणून त्या दिवशी पिठल्यात एवढी मिरची की नाना खाताना नाक पुसत आणि मी पाण्याचा तांब्या संपवत बसले होते. "नाना, एवढं तिखट झेपत नाही तर घालता कशाला?" "मंग काय करू? घर हिचं हाये." खालच्या टोकाच्या घरात भाजी पातळ, ती बाई जात्याच काटकसरी. एका घरात भाकरी एका बाजूनं करपवायची, कारण सून नवी होती आणि तिचं चुलीपेक्षा दाराकडं लक्ष. मीच एका आजींना रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितलं होतं, तर पुढच्या वारी नानांनी त्यांच्या घरी अळणी आमटी केली आणि मला बोलावून दाखवली. "बघा, तुमी सांगितलं तसं. आता म्हातारी ऐकती का नाय ते तिला इचारा." एका घरातली नवराबायको सदा भांडायची. तिथं नाना एकटे बसून दोन आवाजांत भांडायचे. मी बाहेर उभी राहून ऐकलंय. बायकोच्या बाजूनं ते जास्त चांगलं भांडायचे.

स्वतःच्या घरात मात्र नाचणीची पेज. बिनमिठाची, नुसती तांबूस पेज. एकदा मी म्हटलं, "सूनबाई एवढं छान कालवण करते, आणि तिच्या चुलीवर तुम्ही हे करता?" ते म्हणाले, "हितं हेच असतंय." मी पुढं विचारलं नाही. मला वाटलं, कंटाळा येत असेल.

आणि शिमग्याला माणसं परत यायची त्या दिवशी नाना पहाटेपासून एकोणीसच्या एकोणीस चुली पेटवायचे. धावत, धापा टाकत, या घरातून त्या घरात. एसटी जिथं सोडते त्या वळणावरून वाडी दिसते. माणसं उतरायची आणि बोचकी डोक्यावर घ्यायच्या आधी वर बघायची. एकोणीस धूर. मग कुणी हसायचं, कुणी पोराला दाखवायचं, आणि चालायला लागायची.

का राहता मागं, असं विचारलं तर नाना रोज वेगळं उत्तर द्यायचे. खालचं पाणी बाधतं. खाली मोटारींच्या आवाजानं झोप लागत नाही. खाली माणसं लई, त्यांना सगळ्यांना रामराम करून तोंड दुखतं. एकदा म्हणाले, "कुनीतरी ऱ्हायाला नको का?" तेवढं एकच उत्तर त्यांनी मान खाली घालून दिलं होतं.

दुसऱ्या थंडीत नवरंग आला. खरं म्हणजे आला नाही, गेला नाही.

वाडीच्या मागं देवराई आहे. तिथं कुणी काटकी मोडत नाही, पडलेलं लाकूडसुद्धा तिथंच कुजतं. वळवाच्या सुमाराला तिथं नवरंग येतात. मैनेपेक्षा लहान पाखरू. पाठ हिरवी, डोळ्यावरून काळी पट्टी, पोटाखाली लालभडक, खांद्यावर निळा ठिपका आणि शेपूट म्हणावं तर नाहीच, कुणीतरी कातरून घेतल्यासारखं. पावसाळाभर रानातून त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते. पिलं वाढवतात आणि दसऱ्याच्या आसपास, थंडी पडायच्या आत, दक्षिणेला निघून जातात. हे मी नंतर वाचलं. नानांना ते वाचायची गरज नव्हती.

मार्गशीर्षातली गोष्ट. मी वाडीत शिरते तर नाना ओठांवर बोट ठेवून उभे. "चला, पावणं दाखवतो." राईच्या तोंडाशी म्हणाले, "चपला काढा."

मी म्हटलं, "नाना, आमच्या घरी बुद्ध आहे. मी बाकीचं काही मानत नाही."

"देवासाठी कोन सांगतंय? पाचोळा वाजतो, पावणं बिचकतं."

काढल्या. आत गेलो. एका झऱ्याच्या वरच्या बाजूला पाचोळ्याचा हातभर भाग ओला दिसत होता, आणि त्यात ते पाखरू टुणटुण उड्या मारत एकेक पान चोचीनं उलटत होतं. कोरड्या तपकिरी रानात तेवढाच रंग. माझ्यातली नर्स लगेच जागी झाली. पंखाला लागलंय का? पाय? आजारी आहे का?

"काय बी झाल्यालं न्हाई. उडतंय की चांगलं."

"मग गेलं का नाही?"

"ऱ्हायलं आपलं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमाला समद्याला रोगच लागतो बाई. एखाद्याला नुसतं ऱ्हावं वाटलं तर?"

थंडीत पाचोळा वाळतो, गांडुळं खोल जातात, पाखराला खायला मिळत नाही. म्हणून नाना रोज सकाळी झऱ्यातून दोन कळशा पाणी आणून तेवढ्याच जागेवर शिंपायचे. दोन-तीन दिवसांत तिथं किडे-गांडुळं वर यायला लागली. सत्तरीच्या पुढचा माणूस चढणीवरून कळशी आणतो, पानांवर ओततो आणि झाडामागं बसून राहतो. शिमग्यापर्यंत एक दिवसही चुकला नाही. वळवाला बाकीचे नवरंग आले आणि राई शिट्यांनी भरून गेली, तेव्हा नाना कावरेबावरे झाले. "आता ह्यातलं आपलं कुठलं वो?" असं मला विचारत होते, जसं काही पाखरांची कार्डं माझ्याकडंच असतात.

पुढच्या थंडीत पुन्हा एक राहिलं. तेच, असं नाना म्हणायचे. मी वाद घातला नाही, कारण तोवर मला दुसरंच काहीतरी दिसायला लागलं होतं. नाना किल्ली चाचपून शोधायचे ते मला आधी सवय वाटायची. आता ते कुलूपही चाचपून शोधायला लागले होते. आमटीत दोनदा मीठ पडलं. मी बॅटरी डोळ्यांवर मारली. दोन्ही बुबुळांमागं पांढरं दाट.

"मोतीबिंदू आहे नाना. खाली शिबिर आहे. ऑपरेशन करू या. महिनाभर धूर नाही, धूळ नाही, वजन उचलायचं नाही. मुलाकडं राजुरीला राहायचं."

"आन हितं?"

"मी आहे ना."

हे तीन शब्द मी फार सहज बोलले. चांगलं काम करताना माणूस किती सहज बोलतो.

नाना चार दिवस हो म्हणाले नाहीत. पाचव्या दिवशी उपकेंद्रात आले आणि किल्ल्यांचं जुडगं माझ्या टेबलावर ठेवलं. "लिहून घ्या," म्हणाले. मी रजिस्टरच्या कागदामागं एकोणीस घरांचा क्रम लिहून घेतला. कुठल्या घराचा वार उद्या, ते त्यांनी सांगितलं. कुठल्या चुलीला मागून फुंकायचं, कुठली ओल धरते. आणि शेवटी राईतलं पाणी, दोन कळशा. मग त्यांनी खिशातून पुडी काढली, त्यात राख होती, त्यांच्या घरच्या चुलीतली. माझ्या तळहातावर ठेवली. मला काय करायचं कळेना. मी ती मुठीत धरून बसले आणि ते गेल्यावर हात धुतला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण धुतला.

चार दिवस मी गेले. ड्युटी संपली की तीन किलोमीटर चढायचं, चूल पेटवायची, दोन कळशा ओतायच्या. दुसऱ्याच दिवशी म्हादूच्या घराचा वार होता. धुरानं डोळे झोंबले आणि मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं. नवरंग दोनदा दिसला. दिवेलागणीला मुलाच्या फोनवरून नानांचा आवाज यायचा. डोळ्यावर पट्टी, तब्येत बरी, आणि मग तो प्रश्न, "आज कुनाचा वार?" मी घर सांगायची. "बरं," म्हणायचे. मग "पावणं?" "आहे नाना." "बरं."

पाचव्या दिवशी घोडेगावला मीटिंग होती. सहाव्या दिवशी एका बाळंतिणीला घेऊन मंचरला जावं लागलं. ही कारणं खरी आहेत. सातव्या दिवशी कारण नव्हतं. मी दमले होते, एवढंच. उद्या दोन घरं पेटवू, असं ठरवून मी झोपले, आणि दुसऱ्या दिवशीही गेले नाही. फोन मात्र रोज यायचा, आणि मी कागद बघून पुढचं घर सांगून टाकायची. म्हाताऱ्याला उगाच काळजी कशाला, डोळ्यावर ताण पडेल, हे मी स्वतःला सांगितलेलं. आम्ही पेशंटशी असं खूप बोलतो.

नवव्या दिवशी फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. कागद आतल्या खोलीत होता. "आज कुनाचा वार?" आणि मी, एकच घर डोक्यात होतं म्हणून, म्हणाले, "म्हादूचा, नाना."

मी चिरलेली भाजी बाजूला केली.

"म्हादूचा?"

"हो."

"बरं," म्हणाले. पाखराचं विचारलं नाही. फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपकेंद्राच्या अंगणात दात घासत उभी होते आणि समोरच्या डोंगरावर वाडीतून धूर निघत होते. एक, दोन, पाच. मी मोजत गेले. एकोणीस. शिमग्याला अजून दोन महिने होते. खाली गेलेलं कुणी परत येणार नव्हतं. तिथं एकच माणूस असू शकत होता आणि त्याला धूर चालणार नव्हता.

मी धावले. खरंच धावले, तीन किलोमीटर. त्यांच्याकडं किल्ल्या नव्हत्या, त्या माझ्या टेबलावर होत्या. त्यांनी दगडानं कोयंडे उचकटले होते. शेवटच्या घरात, त्यांच्या स्वतःच्या, ते चुलीसमोर बसले होते. डोळ्यावरची पट्टी काढून फेकलेली, डोळा लाल, पाणी वाहतंय, आणि ते फुंकणीनं फुंकत होते. म्हादूचा वार आठवड्यापूर्वीच झाला होता हे त्यांच्या ध्यानात होतं; आदल्या संध्याकाळी फोन ठेवून ते कुणाला न सांगता निघाले होते. कुणाकुणाला विचारत, एका डोळ्यानं अंदाज घेत मंचरपर्यंत आले आणि शेवटच्या एसटीनं रात्रीच वर.

मी ओरडले. रडलेही. त्यांनी मान वर केली नाही. "राख गार व्हती," एवढंच म्हणाले. "समद्या चुलीतली. मी हात घालून बघितला."

मग उठले, कळशी घेतली. मी त्यांच्या हातातून ती ओढून घेतली आणि त्यांच्या मागं राईत गेले. चपला काढल्या. पाचोळा कडकडीत वाळला होता. मी पाणी ओतलं. आम्ही झाडामागं बसलो, ऊन चांगलं वर येईपर्यंत.

"तुमाला दिसतंय का बाई? मला काय धड दिसत न्हाई."

मी सगळीकडं पाहिलं. सोपं होतं. "हो नाना, ते काय," म्हणाले असते तर त्यांना कळलं नसतं.

"नाही नाना. कुठंच नाही."

त्यांनी रिकामी कळशी जवळ ओढली. "बरं," म्हणाले. "खरं बोललात."

त्या तीन शब्दांइतका मार मला आईनंही कधी दिला नव्हता.

नवरंग पुन्हा दिसला नाही. मेला, की जिथं ओल आहे अशा दुसऱ्या रानात गेला, मला माहीत नाही. दोन दिवसांनी डोळ्यात पू झाला. मी जीप करून पुण्याला नेलं. डोळा काढावा लागला नाही, पण त्यातून नुसता उजेड-अंधार कळायचा. दुसऱ्या डोळ्याचं नाव काढलं की नाना हात जोडायचे. "येक बघितला. बास."

पुण्याहून परत आणताना म्हादूची बायको खालून सोबतीला आली होती. नानांना गाडीत झोप लागली, तेव्हा तिनं मला सांगितलं.

"त्याची आय, शिष्टर. नाना तवा तरनाताठा व्हता. त्या साली समदी वाडी खाली गेली, ह्यो बी गेला. म्हातारीला चालवत नव्हतं, म्हनून मागं ठिवली. दाणे भरून दिलं, लाकडं दिली. दात न्हवतं तिला, पेजंशिवाय काय जायाचं न्हाई. शिमग्याला आलो तर दार आतनं लावल्यालं. चुलीपाशीच व्हती. कवा गेली, चूल कवा इझली, कुनाला ठावं? नाना त्या चुलीत हात घालून बसला व्हता दिसभर. तवापास्नं गेला न्हाई कवा खाली. तुमी नेला तेवडाच."

शेवटचं वाक्य तिनं टोचायला म्हटलं नव्हतं. पण ते टोचायचं ते टोचलंच.

पुढच्या थंडीत वाडीनं नानांना मागं ठेवलं नाही. कसं ठेवणार? मुलानं हाताला धरून नेलं. वाडीच्या टोकाला ते थांबले, मागं वळले आणि जिथं त्यांना काहीच दिसत नव्हतं तिकडं बघत राहिले. किल्ल्या मी मागून घेतल्या. कुणी राख दिली नाही आणि मी मागितली नाही. दर रविवारी मी वर जायला लागले. रविवारी दोन चुली, जमलं तर मधल्या वारी एखादी. पाणीही ओतायची, पाखरू नसताना. बदलीचा अर्ज भरायची वेळ दोनदा आली, दोनदा मी भरला नाही. घरचे म्हणाले, ही खुळी झाली.

राजुरीला आईकडं गेले की शेताच्या बांधावर नानांना भेटायची. खोपटासमोर, तीन दगडांच्या चुलीपाशी बसलेले असायचे, हात शेकत. आजूबाजूला द्राक्षाचे मांडव, मोटारींचे आवाज, रामराम करायला लई माणसं. मी सांगायची, "नाना, रविवारी खालच्या टोकाची दोन्ही पेटवली." "बरं." माझ्या आईची चौकशी करायचे, लसीची करायचे, मुलं आता कुठं आहेत हे विचारून हसायचे. पण "आज कुनाचा वार?" हे त्यांनी मला पुन्हा कधीच विचारलं नाही. मी वाट बघायची. शपथेवर सांगते, प्रत्येक वेळी निघताना मी मुद्दाम रेंगाळायची. नाही विचारलं.

दोन थंड्या ते खाली काढू शकले. दुसरीतल्या पौषात गेले. सकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या, सून भाकरी थापत असताना. म्हणजे चूल पेटलेली होती. मुलानं मला फोनवर हे दोनदा सांगितलं.

त्यांना वर आणायचं असं सगळ्यांनी ठरवलं. खाली कामं पडली होती, तरी नारायणगाव, कळंब, राजुरी, जिथून तिथून वाडी गोळा झाली आणि पिकअपमधून दुपारी वर आली. वळणावर माणसं उतरली आणि सवयीनं वर बघितलं. धूर नव्हता. सगळी वाडी एका भावकीची, सगळ्यांना सुतक. एकाही घरात चूल पेटायची नव्हती.

राईच्या खालच्या अंगाला नानांना माती दिली. माणसं परतली, अंगणात बसली. पोरं भुकेनं रडायला लागली. मयताच्या दिवशीचं जेवण, कडू घास, बाहेरच्यानं घालायचा असतो, आणि बाहेरचं तिथं कुणी नव्हतं. बायका एकमेकींकडं बघत होत्या. मग म्हादूची बायको माझ्यापाशी आली.

"शिष्टर, तू आमच्यातली न्हाईस. तुला चालंल."

आमच्यातली नाहीस, हे मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी ऐकलंय. असं कुणी हात धरून कधी म्हटलं नव्हतं.

"कुठल्या घरात करू?" तिनं सांगितलं नव्हतं म्हणून मीच विचारलं, आणि विचारता विचारता मनात क्रम मोजला. आदल्या रविवारी शेवटची कुठली पेटवली होती, पुढची कुठली. "तुझ्या," मी म्हटलं. "आज तुझा वार आहे."

तिच्या चुलीत मी लाकडं रचली. पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या. मिरची घालताना हात थांबला नाही. पहिला घास म्हादूच्या बायकोनं घेतला आणि तिला ठसका लागला. डोळे पुसत तिनं विचारलं, "एवडं तिखट? मरतीकीच्या जेवनात?"

"तुझ्या घरात असंच करायचं असतं. नाना तुझ्या चुलीवर असंच करायचे. झेपत नव्हतं त्यांना, तरी."

ती घास हातात धरून बसून राहिली. "माझ्यावानी रांधायचा?"

त्यांना माहीतच नव्हतं. कसं असणार? ती सगळी तेव्हा खाली असायची. शेजारी बसलेली खालच्या टोकाची बाई हळूच म्हणाली, "आन माझ्याकडं गं?"

"पातळ भाजी. तळ दिसायचा."

ती हसली आणि तशीच रडायला लागली. मग सगळ्याच विचारू लागल्या. माझ्याकडं? आन माझ्याकडं? मी एकेक घर सांगत गेले, करपलेली भाकरी, अळणी आमटी, दोन आवाजांतलं भांडण. खालच्या टोकापासून सुरू केलं, कागद जवळ नव्हता, तरी क्रम चुकला नाही. अठरा घरं झाली तेव्हा नानांची सून दारातून पुढं आली. सगळ्यांत उशिरा तिनं विचारलं.

"आन आमच्या घरात, शिष्टर? आमच्यात काय करायचं बाबा?"

"पेज," मी म्हटलं. "नाचणीची. बिनमिठाची."

तिला ते कळलं नाही. तिनं सगळ्यांकडं पाहिलं. म्हातारी माणसं मात्र खाली मान घालून बसली होती, आणि कुणी घास उचलेना. मग म्हादूची बायको उठली, घरात शोधून तिनं नाचणीच्या पिठाचा डबा आणला आणि माझ्या हातात दिला. मी चुलीवरचं पिठलं उतरवलं आणि आधण ठेवलं.